इच्छेचं अर्पण : पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून



पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला प्रभूच्या ठायी निजल्या. त्यांच्या स्मृतिदिनी बोलायला उभं राहिलं की शारदासदन, मुक्तिसदन, मराठी बायबल अशी त्यांच्या कामांची यादी ओठांवर येते. ती यादी तुम्हाला पाठ आहे. मला आज त्यांच्याकडे एक प्रश्न घेऊन जायचं आहे. दर रविवारी आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो आणि देवाच्या इच्छेप्रमाणे होवो असं मागतो. उपासना संपते, आपण घरी जातो, आणि नोकरी, लग्न, मुलांचं शिक्षण, घरातलं आजारपण यांबद्दलच्या आपल्या इच्छा जिथे होत्या तिथेच असतात. ख्रिस्ती माणसाने या इच्छांचं करायचं काय?

आपल्या मंडळ्यांमध्ये याचं एक उत्तर फार चालतं. इच्छा म्हणजे देहस्वभाव, तिला मारायचं. जो काही मागत नाही तो विश्वासात पक्का, जो मागतो तो कच्चा. मला हे उत्तर शास्त्राला धरून वाटत नाही. गेथशेमानेच्या बागेत आपला प्रभू आधी मागतो. तो प्याला टळावा असं बापाला उघड सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर तो तीन वेळा जाऊन प्रार्थना करतो. शिष्य झोपी गेलेले आहेत, रात्र झाली आहे आणि देवाचा पुत्र आपल्या मनात काय आहे ते लपवत नाही. बापाच्या इच्छेला तो मान देतो तो स्वतःची इच्छा पूर्ण उघडी केल्यानंतर. ज्याने कधी काही मागितलंच नाही त्याच्याजवळ अर्पण करायला तरी काय असणार?

रमाबाईंनी आयुष्यभर मागितलं. फार मोठं मागितलं. त्यातलं पहिलं मागणं त्यांना मिळालं नाही, आणि माझ्या मते तिथूनच त्यांचा खरा ख्रिस्ती प्रवास समजून घ्यायला हवा.

त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. १८८२ साली शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी हिंदुस्थानातल्या बायकांना स्त्री शिक्षिकांची आणि स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे हे ठासून सांगितलं होतं. पुरुष वैद्याला हात लावू देण्यापेक्षा बायका मरण पत्करतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याच वर्षी पती बिपिनबिहारी मेधावी गेले. वय चोवीसच्या आतबाहेर, कडेवर मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि त्या पुस्तकाच्या पैशाचा आधार घेऊन १८८३ साली इंग्लंडला निघाल्या. वाँटेज इथल्या सेंट मेरीच्या भगिनींकडे त्यांना आसरा मिळाला. वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं हे मनात पक्कं होतं. पण त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं, आणि ऐकू न येणाऱ्या बाईला ते शिक्षण घेता येणार नाही हे लवकरच स्पष्ट झालं.

या इच्छेत स्वार्थ कुठे होता ते शोधून दाखवा. मला सापडत नाही. देवाला आवडावी अशीच ती इच्छा होती, आणि तरी दार बंद झालं. पुढे १८८६ च्या मार्चमध्ये त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. जी पदवी आपल्याला हवी होती ती आपल्याच नात्यातल्या एका मराठी मुलीला मिळताना त्यांनी समोर बसून पाहिली. त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही. नंतर त्यांनी काय केलं ते मात्र सांगता येतं. त्या अमेरिकेतच राहिल्या, लहान मुलांना शिकवण्याची बालोद्यानाची पद्धत शिकल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि पुढे शारदासदन म्हणून निघालेल्या विधवांच्या शाळेसाठी गावोगाव व्याख्यानं देत पैसे उभे केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्याला वारल्या.

प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पौलाचा एक प्रसंग आहे. त्याला बिथुनियात जायचं असतं आणि आत्मा त्याला जाऊ देत नाही. मग त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचं दर्शन होतं. लूक हे सगळं दोन-चार ओळींत आटोपतो. बिथुनियाचं दार का बंद झालं हे तिथे सांगितलेलं नाही. आपण मात्र बंद दारापाशी लगेच अर्थ लावायला बसतो. देवाने तुझी नोकरी घालवली कारण त्याच्या मनात याहून चांगली होती, असं आपण एकमेकांना सांगतो. रमाबाईंचं बहिरेपण देवाने शारदासदन निघावं म्हणून पाठवलं, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. बहिरेपण हे बहिरेपण होतं. त्याचा त्रास त्यांना शेवटपर्यंत झाला. इच्छेचा एक रस्ता अडला तेव्हा त्या इच्छेच्या मुळाशी काय आहे हे त्यांनी पाहिलं, आणि मुळाशी निराधार बाई होती. वैद्यकी हा तिच्यापर्यंत पोचण्याचा एक मार्ग होता. दुसरा त्यांनी शोधला. देवाच्या इच्छेशी आपली इच्छा जुळणं याचा पहिला अर्थ मला इथे दिसतो: हट्टाचा आकार गळून पडतो आणि आतली कळकळ उरते.

आता जरा अवघड भागाकडे येतो. वाँटेजला २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा या दोघींचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी फादर नहेम्या गोरे यांच्या पत्रांनी त्यांच्या बऱ्याच शंका फेडल्या होत्या, आणि फुलहॅमला पतित मानलेल्या स्त्रियांसाठी तिथल्या भगिनी जे काम करत होत्या ते पाहून शोमरोनी स्त्रीच्या कथेचा अर्थ त्यांना उलगडला होता. सिस्टर जेराल्डीन त्यांची धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत. या दोघींमधला पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. प्रत्येक ख्रिस्ती घरात तो वाचला जावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात आपला आजचा विषय रक्तामांसाचा होऊन उभा आहे.

सिस्टर जेराल्डीन यांची रमाबाईंबद्दलची तक्रार एकच होती आणि ती पुन्हा पुन्हा येते. ही बाई गर्विष्ठ आहे, स्वतःच्या इच्छेने चालते, मंडळीच्या अधिकाराला नमत नाही. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत होत्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या मनात रमाबाईंनी हिंदुस्थानच्या भाषा शिकवाव्यात असं आलं, आणि विद्यार्थ्यांत तरुण पुरुषही असणार होते. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर देशात परतल्यावर तिचा प्रभाव उरणार नाही असं त्यांचं म्हणणं. ही १८८५ ची गोष्ट. रमाबाईंचं उत्तर पत्रांत आहे. त्यांनी कळवलं की वडिलांनी आणि पतीने कधी अशी हरकत घेतली नव्हती, पुरुषांसमोर त्या पूर्वीपासून बोलत आल्या होत्या, आणि मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवल्यावर तसंच दुसरं जू मानेवर घ्यायची त्यांची तयारी नव्हती. देवाने आपल्याला सदसद्विवेक आणि बुद्धी दिली आहे, ती वापरायची ती त्यालाच जबाबदार राहून, असा त्या पत्रांचा सूर आहे.

यात आज्ञाधारक कोण? वाँटेजमध्ये बसलेल्यांना वाटलं, रमाबाई देवाच्या इच्छेविरुद्ध जात आहेत. मला वाटतं, त्या देवाच्या इच्छेसाठीच उभ्या राहिल्या. बिशपांची इच्छा, मिशनची इच्छा, सासरची इच्छा, मंडळीतल्या ज्येष्ठांची इच्छा या सगळ्या देवाच्या नावाचा अंगरखा घालून येऊ शकतात, आणि तो अंगरखा बहुतेक वेळा बाईसमोर, गरिबासमोर, नव्याने विश्वासात आलेल्यासमोर घातला जातो. सिस्टर जेराल्डीन यांच्यावर मी दुष्टपणाचा आरोप करत नाही. त्यांनी मनोरमेला आजीची माया दिली आणि रमाबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार अनेक वर्षं चालू राहिला. पण चांगली माणसंही आपल्या सोयीला देवाची इच्छा म्हणतात, आणि तेव्हा त्यांना नम्रपणे नाही म्हणणं हे विश्वासाचंच काम असतं.

मग इच्छा पारखायची कशी? कॅथलिक बंधुभगिनींना संत इग्नेशियस लोयोला यांची वाट ठाऊक आहे. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी होऊन ते अंथरुणाला खिळले. शौर्याच्या कथा वाचायला मागितल्या तर हाताशी ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र आलं. पडल्या पडल्या ते कधी दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवत, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही रंगवताना आनंद होई, पण पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं पडे आणि दुसऱ्यानंतरचं समाधान टिकून राही. या निरीक्षणातून त्यांची आत्मिक साधना उभी राहिली. इच्छा दाबून टाकण्याऐवजी ती कुठे नेऊन सोडते ते पाहायचं. रमाबाईंच्या आयुष्यात मला आणखी एक कसोटी दिसते, आणि ती जास्त कठोर आहे: या इच्छेची किंमत कोण मोजणार?

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या हाकेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या आज्ञापालनाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी जवळपास पाच वर्षं मोजली, आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ती लपवलेली नाही. पुढे माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे त्यांचं त्यांना उमगलं आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांना ओढून नेलं नाही, हे टिळकांचं मोठेपण. देवाने मला बोलावलं असं जो म्हणतो त्याने शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तेच बोलावणं आलंय असं गृहीत धरू नये.

शारदासदनात हाच प्रश्न रमाबाईंसमोर उलट्या बाजूने आला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेली ही शाळा पुढल्या वर्षी पुण्यात गेली. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं आश्वासन होतं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी बऱ्याच मुली परत नेल्या. रमाबाईंनी वचन मोडलं का? मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. त्यांनी कुणावर जबरदस्ती केली असं मला कुठे आढळलं नाही. पण आश्रयाला आलेल्या पोरक्या मुलीला आश्रयदात्रीचा धर्म आपोआप ओढून घेतो, हे सल्लागारांचं भय निराधार नव्हतं, आणि रमाबाईंबद्दलच्या प्रेमापोटी आपण ते झटकून टाकू नये.

या वादाच्या थोडं आधी त्यांच्या आत एक बदल घडला होता. बाप्तिस्म्याला सात-आठ वर्षं झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे लिहिलं आहे. हाती आलेलं एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र त्याला निमित्त झालं. त्यानंतरच्या रमाबाईंच्या मागण्यांत एक मोकळेपणा येतो, बापाजवळ मागणाऱ्या लेकीचा. १८९६ च्या सुमारास लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांच्या मेळाव्यात त्या मुलींना घेऊन गेल्या होत्या. पंधरा मुली विश्वासात आलेल्या. पहाटे रानात एकट्याच बसल्या असताना त्यांनी देवाजवळ मागितलं की पुढच्या मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा. म्हणजे २२५. सदनात तेव्हा मुलीच पन्नासाच्या आतबाहेर. हे कसं व्हायचं असा प्रश्न त्यांनाच पडला. पण मागणं त्यांनी मागे घेतलं नाही.

वर्षअखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या. इथे मला हळू बोलायला हवं. दुष्काळ हे रमाबाईंच्या प्रार्थनेचं उत्तर होतं, असं म्हणणं म्हणजे देवाची निंदा. आणि तसं मानायला त्या दुष्काळ लांबून पाहणाऱ्यांतल्या नव्हत्या. १८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि पुढे थोरली बहीण, सगळी त्यांच्या डोळ्यांसमोर गेली होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने झाडपाला खाऊन काढलेले ते दिवस होते. म्हणून १८९७ च्या सुरुवातीला त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या, सरकारी मदतछावण्यांत तरुण मुलींचे काय हाल होतात ते पाहिलं, त्याबद्दल उघडपणे लिहिलं आणि तीनशे मुली सोडवायच्या असं मनाशी ठरवलं. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या मुली तिथे ठेवता येईनात. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेतली होती, कशासाठी? फळबागेसाठी. अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच होती. ती संपल्यावर फळांच्या उत्पन्नावर शाळा चालावी असा त्यांचा व्यवहारी बेत होता. त्या जमिनीवर मुली आल्या आणि तिथेच मुक्तिसदन, म्हणजे मुक्ती, उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार बायका-मुली राहत होत्या. विहिरी खणल्या गेल्या, माग आले, छापखाना आला, आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवू लागली.

फळबागेची इच्छा चुकीची होती का? मुळीच नाही. ती इच्छा नसती तर जमीनच नसती. रमाबाईंनी जमीन आपल्या बेताला बांधून ठेवली नाही, इतकंच. आपल्यातल्या ज्यांना हिशेब, बचत, योजना या गोष्टी अविश्वासाच्या वाटतात त्यांनी केडगावच्या त्या सातबाऱ्याकडे पाहावं. देवाच्या इच्छेला जागा करून द्यायला कुणाला तरी आधी जागा विकत घ्यावी लागते.

अखेरच्या वर्षांतलं त्यांचं मोठं मागणं म्हणजे साध्या बाईला कळेल असं मराठी बायबल. त्यासाठी पंडिता ही पदवी मिळवलेली बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. पंधराहून अधिक वर्षं ते काम चाललं. अक्षरं जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या. दुसरी इच्छा आईची होती: आपल्यामागे मनोरमेने मुक्ती चालवावी. १९२१ च्या जुलैमध्ये चाळिशीतली मनोरमा गेली. ही इच्छा कुठल्याही वेगळ्या रूपात पूर्ण झाली नाही. तिचा आकार गळला आणि आत काही उरलं, असं म्हणण्याची सोय इथे नाही. मगाशी मी जो अर्थ सांगितला तो इथे पुरत नाही, आणि तो पुरवून घेण्याचा प्रयत्न मी करणार नाही. गेथशेमानेतही प्याला टळला नाही. रमाबाईंनी उरलेली मुद्रितं तपासायला घेतली. शेवटचं मुद्रित हातावेगळं होईपर्यंत आयुष्य दे, असं त्यांनी देवाजवळ मागितलं आणि ते झालं, असं मुक्तीत सांगतात. लेकीमागे नऊ महिन्यांच्या आत त्या गेल्या. बायबल १९२४ साली छापून पूर्ण झालं.

मंडळीतल्या ज्येष्ठांना आणि पाळकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे एखादी मुलगी येईल. तिला धर्मशास्त्र शिकायचं असेल, लग्न करायचं नसेल, किंवा तुम्हाला पसंत नसलेल्या ठिकाणी करायचं असेल, परगावी नोकरीला जायचं असेल. तिला ‘देवाची इच्छा’ हे शब्द लगेच ऐकवू नका. तिला काय हवं आहे ते पूर्ण बोलू द्या आणि ते तिने देवाजवळ बोलून दाखवलं आहे का, एवढं विचारा. ज्या घरात नुकतंच मूल गेलं आहे तिथे तर हे शब्द उच्चारूच नका. आणि तरुणांनो, तुम्हाला जे हवं आहे ते आज रात्री प्रार्थनेत नाव घेऊन मागा, आडवळणाने नको. त्या मागण्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागणार असेल तर त्या माणसाला उद्या सकाळी जाऊन भेटा आणि त्याचं ऐकून घ्या.